धाकटी आज एकटी गेली

आये,

आज तुझी धाकटी एकटी दवाखान्यात गेली. सकाळी मी ओट्यावर बसले होते, तर ही डोकं विंचरून, पिशवी काखेला मारून दारात उभी. मी चपला शोधायला लागले तशी म्हणाली, "तू राहा. मी जाईन नि येईन." आणि गेली की गो. फाट्यापर्यंत चालत, तिथून जीपने शहापूरला. तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाही. तीनदा चूल सारवली, एकदा तर पेटलेलीच सारवायला निघाले होते. शेवटी सुनेला म्हटलं, वही आण, माझ्या आयेला पत्र घालायचंय. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून गप येऊन बसली. तिला या कामातली एकच गोष्ट पटलेली नाही, की मी बोलायचं आणि तिने नुसतं लिहायचं, उलट उत्तराची सोय नाही. मला तीच गोष्ट फार आवडली. माझं 'नाय' खोडून ती 'नाही' लिहिते, ते मी तिला लिहू देते. तू कुठं वाचणार आहेस, तुझाही अंगठाच होता.

धाकटी आता साठीची झाली. केस माझ्याआधी पांढरे झाले, दात मात्र सगळे शाबूत आहेत, ती तुझी देणगी. तिच्या कानात माणसं बोलतात हे तुला पहिल्यांदा मीच सांगितलं होतं. तू भगताकडे नेलंस, दोरे बांधलेस, कोंबडं दिलंस. आणि त्या साली म्हशाच्या जत्रेला आपण तिघी गेलो, ते मला कालच्यासारखं दिसतं. ती सोळाची. बैलांच्या बाजारात मधेच उभी राहून ती कुणाशी तरी बोलायला लागते, समोर कोणी नाही. माणसं थांबतात, पोरं हसतात. तू नुकतीच विकत घेतलेली घोंगडी तिच्या डोक्यावरून टाकतेस, तिला ओढत घोंगड्यांच्या दुकानामागे नेतेस आणि मला दंडाला धरून सांगतेस, "यापुढं तिचं कोणी काय इचारलं तर तू सांगायचं. तिला तोंड उघडू द्यायचं नाय." तुझे डोळे कोरडे होते. मी तेव्हा लग्न झालेली, माहेरपणाला मुरबाडला आलेली, जत्रेची जिलबी हातात. मी मान हलवली.

मग तू देवाघरी गेलीस आणि धाकटी माझ्याकडे आली. तुझा शब्द मी असा पाळला की काय सांगू. पाहुणे विचारायचे, हिला बरं आहे ना, मी सांगायचे, बरं आहे. तिला चहा हवा का, मी सांगायचे, नको. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचा डॉक्टर महिन्यातून एका मंगळवारी यायला लागला, तिथेही तसंच. तो तिच्याकडे बघून विचारायचा, झोप लागते का, आणि मी बाजूने, लागते हो डॉक्टर, ढोरासारखी लागते. भूक? लागते. गोळ्या घेते? मी स्वतः देते. आणि देत होतेच, रोज संध्याकाळी, वासराला पाजावं तशी, नंतर तोंड उघडायला लावून जीभसुद्धा बघायचे. तरी दर दोन-तीन वर्षांनी ते आवाज वाढायचे आणि ती घरातून निघून जायची. एकदा तानशाच्या मोठ्या पाण्याच्या पाइपाला धरून चालत सुटली, दुसऱ्या दिवशी सापडली, पायांची सालं निघालेली. तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते, गोळी सुटली तर एखाद्या वेळी सापडणारच नाही. मी म्हटलं, सुटलेली नाही. माझी एक तांबडी कोंबडी तेव्हा भर उन्हात डुलत असायची आणि मी तिला मुंगसाची भीती बसलीय समजत होते. धाकटी गोळी गालात धरून अंगणात कोंबड्यांना टाकलेल्या कण्यांत थुंकत होती, हे त्या कोंबडीला माहीत होतं, मला नव्हतं.

यंदा माघात दवाखान्यातली एक पोरगी घरी आली. सून म्हणते समुपदेशक लिहायचं, लिही बाई. जे पेशंट यायचे बंद झालेत त्यांच्या घरी ती जाते, आणि धाकटी तेव्हा दोन महिने घराबाहेर पडली नव्हती. ओट्यावर बसून मोड आलेले वाल सोलत होती. मी लगेच सुरू केलं, हिचं असं झालं, तसं झालं. पोरगी दोन घटका ऐकून म्हणाली, आजी, चहा टाकाल का, मला कोरा आवडतो. माणसाला घालवून द्यायची ही रीत मी माझ्या सासूवर वापरलेली, म्हणून ओळखली, तरी गेले. चुलीपाशी बसून कान ओट्यावर. बाहेर काहीच आवाज नाही. डोकावले तर ती पोरगी मांडी घालून धाकटीच्या टोपलीतले वाल सोलत होती. काय ते सोलणं, अर्धे वाल चिरडले, हात चिकट. आणि धाकटीने तिच्या हातातला दाणा काढून घेतला नि म्हणाली, "दाबू नको गो. चिमटीत धर, आपोआप सुटतं."

आये, परक्या माणसाशी ती आपणहून बोलली, ती किती वर्षांनी हे मला मोजता येत नाही. माझा चहा आटून गेला. त्या दिवशी आजाराचा विषयच निघाला नाही. वाल किती वेळ भिजत घालायचे, मोड यायला फडक्यात कसे बांधायचे, एवढंच. जाताना मात्र पोरीने एक विचारलं, मला नाही, तिला. दवाखान्यात आलात तर कुठं बसायला आवडेल? धाकटी म्हणाली, खिडकीपाशी नाय, रस्त्यावरचे लोक बघतात. पुढच्या मंगळवारी गेलो तर दवाखान्यामागच्या जांभळाखाली बाकडं टाकलेलं. तिथे आणखी दोन बाया बसलेल्या, त्याही रस्त्याकडे पाठ करून. धाकटीने पदरात वाल आणलेच होते. तिघी सोलत बसल्या. मी एकटीच मोकळ्या हाताने बसलेली, म्हणून मला शांत राहवेना.

आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत का. मी तोंड उघडलं तोच त्या पोरीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आजी, आज त्यांना सांगू द्या." पंखा फिरतोय, डॉक्टर पेन खाली ठेवून बसलेत, माझ्या पोटात सगळी उत्तरं तयार. मी पदर दातात धरला, खरंच सांगते, नाहीतर सुटले असते. एवढा वेळ गेला की मला वाटलं आता हे आपल्याला बाहेर काढतील. आणि मग धाकटी टेबलाकडे बघत म्हणाली, "गोळी घेतली की हात कापतात. आवणीत माझी भाताची रोपं वाकडी पडतात. बाया हसतात. मला आवणीत उभं राहायचंय." आणि जरा थांबून, "म्हणून थुंकते."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी तिला, तिलाच, सगळं उलगडून सांगितलं. गोळी थोडी कमी करून बघू, कापणं थांबायला एक वेगळी देतो, आवाज वाढले तर लगेच सांगायचं, आणि जमत नसेल तर थुंकायच्या आधी सांगायचं. हे चालेल का, असं विचारलं. चालेल का, असं तिला आजवर कोणी विचारलं होतं गो? ती म्हणाली, बघते. मला बाहेर येऊन नाचावंसं वाटलं, पण गुडघा आडवा आला. परत येताना जीपमध्ये मी तिला म्हटलं, एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस? ती बाहेर बघत म्हणाली, "तू इचारलंस कवा?"

आटगाव येईस्तोवर मी जीपच्या दांड्याला धरून मागचे सगळे मंगळवार मोजत होते.

यंदा आवणीला ती उभी राहिली. ओळीत, बायांच्या मधे, पाण्यात गुडघाभर. रोपं अगदी सुतासारखी पडली असं मी म्हणणार नाही, पण माझ्यापेक्षा सरळ होती. हसणाऱ्या बाया होत्याच, आणि धाकटी त्यांच्याबरोबर हसत होती. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, ती म्हणते लांब गेलेत, शेजारच्या पाड्यावर बोलल्यासारखे. गोळी स्वतः घेते. मी तोंड उघड म्हणत नाही. तांबडी कोंबडी खडखडीत जागी असते. आता भात पोटरीला आलंय, लोंब्या फुटायच्या बेतात, आणि आज ही एकटी गेली.

इथवर सांगून झालं तोच ती आली. चालत, घामाने भिजलेली, हातात पेरूची पिशवी. सुनेने पाणी दिलं. मी आधी विचारणार नव्हते, पण विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? ती सावकाश पाणी प्याली, पदराने तोंड पुसलं नि म्हणाली, "ते माझं नि त्यांचं हाय." आणि भूक लागलीय म्हणत आत गेली. सुनेने वहीत तोंड खुपसलं, ते हसू लपवायला. मला एकदम राग आला, आणि रागाबरोबरच इतका आनंद झाला की दोन्ही कुठे ठेवू कळेना.

ती आत जेवत होती तोवर मी सुनेला म्हटलं, वाच बघू पहिल्यापासून. ती हळू आवाजात वाचत गेली आणि ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं, म्हशाचं, पाइपाचं, थुंकलेल्या गोळीचं, सगळं तिचं, आणि सांगणारी मी. तिला न विचारता. म्हणजे हे तुला पाठवायचं तर आधी तिला वाचून दाखवावं लागेल, ती म्हणेल हे चुकलं, ते मी असं बोललेच नव्हते, आणि हे काढून टाक. मी सुनेला वही मिटायला सांगितली. तेवढ्यात धाकटी आचवायला बाहेर आली आणि कसली वही म्हणून विचारलं. मी म्हटलं, सून मला अक्षरं शिकवतेय. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि गोठ्यात निघून गेली. आता ती तिकडे आहे तोवर, आये, हे शेवटचं तेवढं सुनेच्या कानात सांगून लिहून घेतेय. धाकटीला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.