सहा आठवड्यांची कावीळ

३ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

डॉक्टर म्हणतात, तीन महिने लागतील. अगं, मी सगळ्यांना कावीळ सांगून बसलोय! कावीळ फार तर सहा आठवडे पुरते. दुकानात चष्म्याला आलेलं गिऱ्हाईकही आधी तुझी चौकशी करतं. त्यात लेकीचं लग्न जमत आलंय. पंधरा तारखेला न्यायला येतो. उरलेलं मनाच्या निग्रहाने सोड.

तुमच्या ऑपरेशन थिएटरमधली ती चिमणी नर्स आली होती. तुला कुठे ठेवलंय म्हणून खोदून खोदून विचारत होती. मी कावीळच सांगितली. बिचारी तोंड पाडून गेली.

जिवाला जप.
दादा

७ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. पेशंटचं दुखणं थांबवायचं इंजेक्शन मी टोचून घेते, मला उपचार हवेत, हे मी तुला दोन वर्षांपूर्वी आपण होऊन सांगितलं होतं. तेव्हा तू म्हणालास, लेकीची परीक्षा आहे, बोभाटा नको. आता लग्न. मग तिचं बाळंतपण निघेल. मी बरी व्हावी असा मुहूर्तच तुझ्या घरात नाही!

निग्रहाच्या गप्पा मला सांगू नकोस. पहिले आठ दिवस मी अंथरुणात थरथरत काढलेत. पंधराला आलास तर फाटकावरूनच परत जाशील.

आणि चिमणीला कावीळ सांगितलीस? तीही टोचून घेते रे! आमचं ठरलं होतं, मी आधी जाऊन बघते, निभावलं तर तिने यायचं. इथून फक्त घरच्यांना पत्र लिहू देतात. आजच्या आज तिच्या खोलीवर जा आणि इथला पत्ता दे. जमत नसेल तर मला पुन्हा लिहू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी

११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ., पण दातओठ खाऊन.

गेलो होतो. चिमणी दार उघडेना. जिन्यात घरमालकीण आणि दोन भाडेकरू कान टवकारून उभे. मी दाराशी तोंड नेऊन कुजबुजलो, तर आतून उत्तर आलं की तिलाही कावीळ झालीय, मी चालतं व्हावं.

मग माझं डोकं फिरलं. तुझा राग, तिचा राग, त्या फुकट्या प्रेक्षकांचा राग. ओरडूनच सांगितलं, की माझी बहीण इंजेक्शनच्या नशेत अडकली होती, ती उपचार घेतेय, टिकलीय, आणि दोन वर्षं तिला मीच अडवून ठेवलं होतं. लग्न मोडलं तर मोडो.

कडी निघाली. रविवारी तिला घेऊन येतोय, तुला न्यायला नव्हे. तिची पिशवी भरलेलीच होती. किती दिवसांपासून, ते विचारायचं धैर्य मला झालं नाही.

लोभ ठेवायचा की नाही, ते तूच ठरव.
दादा