दुष्काळात मिळालेल्या बहिणीच्या नावे

मी, या गल्लीतली पावाची भट्टी चालवणारी बाई, सत्तरी केव्हाच ओलांडलेली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मिळकतीची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवते. गुडघे सोडले तर माझी कशाबद्दलही तक्रार नाही.

१. राहते घर, मागच्या अंगणासह, माझी बहीण चिमणी हिला मिळावे. ती माझी सख्खी नव्हे. माझा चुलतभाऊ हे कोर्टात सांगेलच, म्हणून मीच आधी सांगते.

आम्ही लहान असताना लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. पण माणसे मेली ती नुसत्या पावसावाचून नव्हे. माझे वडील बंदरावर हमाल होते. गोदामे भरलेली होती आणि ते रोज धान्याची पोती जहाजावर चढवत होते, कारण परमुलखात भाव जास्त होता. सरकार म्हणे, बाजार आपोआप ताळ्यावर येईल. आलाही, पण तोवर वडील गेले होते. उपासमारीने खंगलेल्या गावात मग तापाची साथ शिरली. तिने भुकेपेक्षा जास्त माणसे नेली, त्यांत आई गेली.

छावणीत लापशीच्या रांगेत एका अनोळखी मुलीने माझा हात घट्ट धरला. एकट्या पोरांना दूरच्या अनाथालयात धाडत.

"ही तुझी कोण?" कारकुनाने मला विचारले.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बहीण. धाकटी मी आहे, पण भूक मला जास्त लागते."

कारकून हसला. त्या वर्षात मोठे माणूस हसताना मी तेवढेच पाहिले. "राहू द्या दोघींना एकत्र," तो म्हणाला. तेव्हापासून आम्ही एकत्र आहोत. तिचे नाव चिमणी. आता दारातून तिरपी होऊन निघते.

२. भट्टी, पराती आणि साचे चिमणीच्या जावयाला द्यावेत. अट एकच: पीठ महागले तर भाव उघडपणे वाढवावा, पाव लहान करू नये.

३. माझ्या काकांचा माळा त्या उन्हाळ्यात धान्याने भरलेला होता. आई दारात उभी राहिली, त्यांनी कडी काढली नाही. चुलतभाऊ तेव्हा पाळण्यात होता, त्याचा काय दोष? तो दर रविवारी येतो, मीठ कमी म्हणून कुरकुरतो आणि दोन पाव संपवतो. ते त्याला हयातभर फुकट द्यावेत. घरावर त्याचा हक्क नाही. काकांना मी माफ केलेले नाही. ते तसेच राहू द्यावे.

४. माझ्यामागे माझ्या नावाने कोणीही उपास करू नये. माझे करून झाले आहेत. मी जाईन त्या दिवशी भट्टी पेटती ठेवावी आणि येईल त्याला पोटभर खाऊ घालावे.

हे लिहीत असता चिमणी खांद्यावरून वाचते आहे. "आणि मीच आधी गेले तर गं?"

"तर हे सगळं परत लिहावं लागेल."

"मग राहू दे. नाही जात."

ठिकाण: भट्टीमागची खोली
दिनांक: ३ मार्च
सही: भट्टीवाली

साक्षीदार: १. समोरचा शिंपी २. गल्लीतल्या डॉक्टरीणबाई

(ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, हे कळल्यापासून चिमणी रुसून बसली आहे.)