दोनशे बारा रिकामे चौकोन

तीर्थस्वरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार. तुमचा खोकला जिन्यातून ऐकू येतो. कालपासून कमी वाटतो. मी बरा आहे (खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर पत्र लिहिणारा माणूस जितका बरा असू शकतो तितका). तुम्ही दार उघडत नाही, म्हणून हे दाराखालून सरकवतो आहे.

तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या आईंचा मला ईमेल आला. वर दोन ओळी आपल्या भाषेत, शेजारणीकडून लिहून घेतलेल्या: लग्नापासून सहा वर्षं मुलगी माझं काही उघडत नाही, एवढं छापून तिच्या हातात द्या. खाली त्यांच्या लिपीतलं पत्र. मी दिवसाला हजार पार्सलांचे पत्ते छापणारा. एक पान म्हणजे डाव्या हाताचा मळ. खालचं पत्र तेवढं छापलं, न पाहता पाकिटात घातलं, तुम्हाला दिलं.

पुढचं दादाकडून कळलं. पानावर नुसते दोनशे बारा रिकामे चौकोन होते (दादानं मोजले, त्याचा स्वभाव). आणि तुमच्या आई शाळामास्तरीण. लहानपणी चूक झाली की तुम्हाला असंच पान द्यायच्या. एका चौकोनात एक अक्षर, पान भरल्याशिवाय जेवण नाही. सहा वर्षांनी आईनं धाडलं ते शिक्षेचं पान, असंच तुम्हाला वाटणार. "पोस्टमन व्हायला तुला कुणी सांगितलं होतं?" असं दादा म्हणाला.

आमच्या दुरुस्तीवाल्यानं उलगडा केला. त्या लिपीतलं एकेक अक्षर यंत्रात दोन अक्षरांची जागा अडवतं. पडद्याकडे ते आकार आहेत, आमच्या जुन्या प्रिंटरकडे नाहीत. नसेल तिथे तो चौकोन मारतो, एका अक्षराला दोन. मी म्हटलं, अहो, पण दोघं एकाच टेबलावर आहेत! तो म्हणाला, "एका घरात राहून माणसांना तरी एकमेकांचं कळतं का, साहेब?"

त्यानंच अक्षरांचं चित्र करून छापून दिलं. सोबत आहे. त्यात चौकोन नाहीत.

तुमचा,
खालचा दीर

ता. क. तुमच्या आई दर रविवारी विचारतात, उत्तर आलं का? मी तीनदा 'वाचताहेत' असं कळवलं. परवा चौथा रविवार. एक ओळ लिहाल? छापायचं काम मी करणार नाही, तुमच्या हातचा कागद तसाच धाडीन.

ता. ता. क. 'न पाहता' हे खोटं. पाहिलं होतं. पडद्यावर रेघा, कागदावर चौकोन. वाटलं, छापल्यावर तुमची लिपी अशीच दिसत असेल. सहा वर्षांत तुमचं नाव त्या लिपीत कसं लिहितात, हे मी एकदाही विचारलं नाही. म्हणून पाकिटावर नुसतं 'वहिनी' आहे.