मिशी नसलेला फोटो

मोंबासा,
ता. ९ फेब्रुवारी १९२९

प्रिय अक्का,

तीर्थस्वरूप वगैरे लिहायला हवं, पण परवापासून मोठे शब्द सुचत नाहीत. खरं सांगतो, दिवाळीपासून मी तुला पत्र लिहायचं टाळलं. रविवारी लिहू म्हटलं, मग बंदर जरा मोकळं झालं की लिहू, मग नवा टाक आणला की लिहू. टाक आणला. त्यानं गोदामातल्या कापसाच्या गाठींवर नंबर घातले, तुला एक ओळ लिहिली नाही. परवा गुरुवारी मुंबईची बोट लागली. डेकवरच्या उतारूंना अजून बंदरातल्या पत्र्याच्या छपरात देवी टोचणाऱ्या डॉक्टरसाठी अडकवून ठेवलंय, पण टपाल त्याच संध्याकाळी सुटलं आणि तुझं पत्र हातात पडलं. तुझ्या सासरचा, चोपड्याचा शिक्का पाहून आनंदानं फोडलं, आणि पहिली ओळ वाचून तिथेच एका गाठीवर बसलो.

आबा बारा दिवस घरी नाहीत, असं तू लिहितेस. म्हणजे आज धरले तर महिना झाला. इथून देशी आलेल्या लीलाधरभाऊंनी परत निघता निघता माझं पाकीट एरंडोलला नेऊन दिलं तेव्हा आबा निंबाखाली पाटलांची दाढी करत होते. पाकिटातून फोटो काढला, उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ बघितला, आणि पाटलांचा एक गाल साबणाचा तसाच ठेवून उठून घरी गेले. आबांनी गिऱ्हाईक अर्धं सोडलं! दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नाहीत, त्यांची वस्तऱ्या-कात्रीची धोपटी नाही, आईच्या पेटीतल्या सोन्याच्या वाळ्या नाहीत. छगनभावजींनी धुळे पाहिलं, साक्रीचा बाजार पाहिला, गावातल्या दोन विहिरींत गळ टाकले. कुणी म्हणतं, जळगाव स्टेशनात दिसले होते. आणि शेवटी तू लिहिलंस, तेही आपल्या घरच्या बोलीत: 'बाप जित्ता शे, आन तू मिशी काढी?' अक्का, ती ओळ मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली.

तू म्हणतेस ते कुणालाही पटेल. फोटोत मी बसलोय तो अगदी दहाव्याचा पोरगा दिसतो. गुळगुळीत डोकं, ओठ कोरा, अंगात पांढरा सदरा आणि गळ्याभोवती पंचा. आबांना अक्षर येत नाही, पण उतरवलेलं डोकं वाचता येतं. अर्ध्या गावाच्या पोरांच्या मिशा अंजनी नदीच्या काठी त्यांनीच उतरवल्यात. आणि वर आमचं ते भांडण. तुला मी कधी पूर्ण सांगितलं नाही. निघायच्या दिवशी मी आबांना म्हणालो होतो की लोकांच्या हनुवट्या धरून जन्म काढायला मला जमणार नाही. हे त्यांच्या तोंडावर, त्यांच्या धोपटीसमोर. ते म्हणाले, 'समुद्रपार गया ते समज, बाप मरी गया.' मग काय झालं असेल सांग. मला पाटावर बसवलं, केस कापले, मिशी कोरली. आणि मी, एवढं भांडून, त्यांच्या हाताखाली झोपलो. लहानपणापासूनची खोड. त्यांचा वस्तरा कानामागे फिरला की माझे डोळे मिटतातच.

पण मी सुतक धरलं नव्हतं अक्का, आईशपथ. काय झालं ते सांगतो, आणि मध्ये कुठे भरकटलो तर रागावू नकोस.

न्हाव्याच्या पोराला न्हावी शोधायची वेळ कधी येत नाही. मला ती इथे आली. आबा म्हणायचे, नव्या गावात गेलास तर देवळाआधी न्हाव्याकडे जा, बठ्ठं गाव तिथे बसलेलं असतं. मी उतरल्या दिवशी शोधायला लागलो. एक काठेवाडी न्हावी आहे, तो फक्त शेटलोकांच्या घरी जातो, मला त्यानं जिन्यावरूनच हात हलवला. साहेबांच्या सलूनला काच आहे, त्या काचेतून आत बघता येतं, जाता येत नाही. आमच्या चाळीत एक पंजाबी फिटर रविवारी सगळ्यांचे केस कापतो, त्यानं माझ्या डोक्याला घाटासारख्या पायऱ्या पाडल्या. तोवर मी सोडावॉटरच्या कारखान्यातून निघून हॉटेलात आणि हॉटेलातून गोदामात आलो होतो. (हॉटेल का सोडलं ती वेगळीच गंमत आहे, भेटल्यावर.) तीन महिने डोक्याला हातच लावला नाही. मुकादम मला साधूमहाराज म्हणायला लागला. मग एक दिवस किल्ल्याच्या वाटेवर गोरखचिंचेखाली एक म्हातारा हबशी वस्तऱ्याला धार लावताना दिसला. इथल्या गोरखचिंचा काय सांगू, आपल्या घरात मावणार नाही असं खोड! तर त्याच्यासमोर बसलो. त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही. पण अक्का, त्यानं हनुवटी धरली आणि मला धक्काच बसला. आबांचाच हात. तेवढाच हलका, तसाच कोमट. मी झोपलो.

जागा झालो तेव्हा म्हातारा आरसा धरून हसत होता. केस नाहीत, शेंडी नाही, मिशी नाही. त्याचा दोष नाही, त्याच्यापुढे बसतात ते सगळे एवढ्यासाठीच बसतात. कानावर जरासं कापलंही होतं. मी पैसे देऊन उठलो. दोनच दिवसांनी गोदामाच्या पासासाठी फोटो काढायला नेलं. फोटोवाल्यानं नाक छान दिसतं म्हणून मला तिरका बसवला आणि एक प्रत जास्तीची दिली.

त्या आठवड्यातच मला गनी सापडला. धुळ्याचा आहे, लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला आणि तिथून इकडे आला. बाजारामागे त्याचं न्हाव्याचं दुकान आहे, एक बाक, एक आरसा. मी दारात उभा राहिलो, त्यानं वर बघितलं आणि हातातली कात्री खाली ठेवून हळूच विचारलं, 'घरमा कोन गयं रे?' अक्का, तोवर माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. परमुलखात डोकं उतरवलं तर उतरवलं, इथे कोण बघतंय! त्यानं विचारलं आणि मी ओठावर हात ठेवला. तिथेच बाकावर बसलो. गनीनं पाणी दिलं आणि बजावलं की मिशी येईपर्यंत हा फोटो घरी जाता कामा नये, जायचाच तर सगळं लिहून मग.

मी लिहायला बसलो होतो. लीलाधरभाऊ देशी निघाले होते, फोटो पाकिटात घातला, वर पत्ता घातला, आणि आबांना पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात कुणी ओरडलं की बंदरात एका बोटीवर पिंजऱ्यातला सिंह चढवतायत. मी टाक टाकून पळालो. तिथे बघतो तर पिंजरा रिकामा, सिंह उद्या येणार होता. परत आलो तोवर लीलाधरभाऊ पाकीट घेऊन गेले होते, आणि पत्र टेबलावर तसंच. अजून माझ्या पेटीत आहे. 'आबा, घाबरू नका, न्हाव्याच्या हातून,' एवढंच. त्यापुढे शाईचा डाग.

धक्क्यावर धावलो, बोट निघून गेली होती. तार करता आली असती. पुढच्या बोटीनं लिहिता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं की आबा हसतील. तीन महिने मी ते हसणं डोळ्यापुढे आणून आरामात जेवलो अक्का. आणि तिकडे भावजी विहिरीत गळ टाकत होते.

म्हणून हे पत्र. आबा सापडले की त्यांना समोर बसवून सगळं वाचून दाखव, सिंहासकट. सांग की त्या दिवसापासून मिशीला वस्तरा लावलेला नाही, गनीलाही हात लावू दिला नाही, आता ती चिमटीत येते. सांग की निघताना बोललो ते मी गिळलं, मुकादमाचा हिशेब मिटवून पुढच्या बोटीनं येतो, त्यांनी शिकवलं तर धोपटी उचलतो. त्यांना वाटत असेल की मी त्यांचंच वाक्य त्यांना फोटोत घालून परत पाठवलं. तसं नाही, एवढं एक त्यांच्या कानावर पडू दे. आणि सापडलेच नाहीत तर

थांब. गनी आलाय. भर शनिवारचं दुकान टाकून आलाय, धापा टाकतोय.

अक्का, गनी म्हणतो की डेकवरच्या उतारूंना आज सकाळी सोडलं. लीलाधरभाऊंनी बोटीवरून एका म्हाताऱ्याला बरोबर आणलंय. त्याला माझ्या खोलीकडे घेऊन येत होते, तर बाजारामागे गनीची कात्री-वस्तऱ्याच्या चित्राची पाटी दिसली आणि म्हातारा आतच शिरला. बगलेतली धोपटी बाकावर ठेवली, गनीचा वस्तरा अंगठ्यावर पाहिला आणि परत ठेवून दिला. मग फोटो काढून आरशाला टेकवला. म्हणाला, 'हाई सुतकनी हजामत नही. शेंडी कोठे शे? कान बी काप्या. मना आंडोरले आठे धड न्हावी भेटना नही.' आणि आता तिथेच बसलाय, आंडोरला, म्हणजे मला, पाठव म्हणतो, पाणी गरम करायला लावलंय.

हे पत्रही अर्धंच राहतंय. या वेळी तसंच पाठवतो.

तुझाच,
हिलाल