शंभरातले निम्मे

अकोला, ५ जानेवारी २०२५
ती. ललिताताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

आमच्या घरी माझा फोन स्पीकरवर ठेवून सगळे ऐकतात, म्हणून हे पत्र. प्रोस्टेटची गाठ मणक्यात उतरल्यापासून मले लोणच्याच्या बरणीसारखं जपून राहिले. दवाखान्यात शिवम मले बाहेर बाकावर बसवते, स्वतः आत जाऊन दार लावते. बाहेर येऊन म्हणते, बाबा, सगळं चांगलं आहे. चांगलं आहे तर पोराचे डोळे काहून लाल?

काल व्याही वामनराव आले. पाव किलो द्राक्षं आणली, अर्धी स्वतःच खाल्ली. हिंमत ठेवा म्हणाले अन् घर कोणाच्या नावावर आहे ते विचारून गेले.

कंबर ठणकते. गोळ्यांच्या जोडीले डॉक्टरांनी फिजिओथेरपीच्या सीमा मॅडमकडे धाडलं. ती म्हणते थोडं चाला, शेक घ्या, श्वास मोजा. इथं दिवस मोजायची वेळ आली अन् ही बाई श्वास मोजायले लावते! तू तीस वर्षं नर्स होतीस. खरं सांग, किती दिवस उरले?

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नको.
तुझा, सुगत

अमरावती, १२ जानेवारी २०२५
चि. सुगत यास,
सप्रेम जयभीम, अनेक आशीर्वाद.

मी नर्स होते, पंचांग नव्हते. हजारो रोग्यांचा अभ्यास करून डॉक्टर लोक आकडा काढतात. शंभरातले किती जण किती वर्षं काढतात ते त्यातून कळते. त्यात आमचा सुगत कुठं बसतो, ते कळत नाही. तुझे कागद मी पाहिले नाहीत. आता शिवमच्या आधी तूच डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत जाऊन बस. त्याले सांग, आजार माझा आहे, बाकावर तू बस.

सीमा मॅडमची टर उडवू नको. चालल्यानं गाठ विरघळते असं ती म्हणत नाही. दुखणं पूर्ण जात नाही, पण दिवसभर त्याचीच चाकरी करावी लागत नाही. मात्र तिनं सांगितलं तेवढंच कर. टीव्हीवरची आसनं करून मणका मोडून घेशील, मग शिव्या मलेच देशील.

घरात सगळ्यांले आशीर्वाद, वामनरावांले सोडून.
तुझी, ललिताताई

अकोला, ३ फेब्रुवारी २०२५
ती. ताईस,
जयभीम, वि. वि.

तुझ्या सुनेचा, पिंकीचा फोन आला होता. सासूबाई कंबरेले पट्टा बांधून दिवसभर सोफ्यावर असतात, चार महिन्यांत जिना उतरल्या नाहीत म्हणे. मोठी आली मले चालवणारी!

असो. मी खुर्चीत जाऊन बसलो. शिवम बाकावर काही बसला नाही, भिंतीले टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पुन्हा पाहिले. म्हणाले, तुमच्यासारख्या शंभरातले निम्मे अडीच वर्षांच्या आत जातात, निम्मे त्याच्या पुढं जगतात. तुमी कोणत्या निम्म्यात, ते कोणताच अभ्यास सांगत नाही.

मी अजून अडीच वर्षांचा हिशेब लावून राहिलो होतो, तर मागून शिवम हुंदके देऊन रडायले लागला. मोबाईलवर काहीतरी वाचून त्यानं सहाच महिने धरले होते. मग इतके दिवस बंद दाराआड काय विचारलं? तर काहीच नाही. आकडा तेवढा सांगू नका म्हणून डॉक्टरांचे हात धरत होता. म्हणजे जे माझ्यापासून लपवून राहिला होता, ते त्यालेही माहीत नव्हतं. आधी हसू आलं. मग मीही रडलो. घरी येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.

रोज दहा मिनिटं चालतो. दुखतेच. परवा मात्र चालताना चिक्कूची गाडी पाहून थांबलो, भाव केला, अन् तेवढा वेळ कंबर आठवलीच नाही.

तुझाच, सुगत

अमरावती, १० फेब्रुवारी २०२५
चि. सुगत,
जयभीम.

तुझं पत्र दोन दिवस न फोडता फ्रिजवर ठेवलं होतं. तीस वर्षं लोकांले घाबरू नका म्हणत आले, अन् भावाचं पाकीट फोडायची हिंमत होईना. आज फोडलं.

पिंकी खरंच बोलली. चाललं की दुखते, म्हणून मी चालत नाही. याच्यावर मी रोग्यांले किती रागावत होते, ते तुले माहीत आहे.

हे पत्र पिंकीच्या हाती देत नाही. टपालाची पेटी चौकात आहे, अन् जिन्याले बावीस पायऱ्या आहेत. तुले मिळालं, तर समज तुझी ताई खाली उतरली.

ललिताताई