शुक्रवारी, चार वाजता

प्रिय वटवट,

आज मंगळवार, लाँड्रीत चादरी मशीनमध्ये टाकून बसले आहे. त्या धुऊन निघायला चाळीस मिनिटं लागतात, तेवढ्यात हे पत्र पुरं व्हायला हवं. कागद लाँड्रीच्या वहीतला आहे, नाक मुरडू नकोस. फोनच केला असता, पण आपल्या घरी फोन हातात घेतला की आई शेजारी येऊन बसते, आणि जे सांगायचंय ते तिच्यादेखत बोलायला जीभ रेटत नाही. शेजारचे ड्रायव्हरकाका उद्या तुझ्याच बाजूला माल घेऊन निघालेत. वसतिगृहाच्या फाटकावर हे पत्र तुझ्याच हातात द्यायचं, असं त्यांना तीनदा बजावलंय. चौथ्यांदा सांगायला गेले तर ते वैतागले.

रविवारपासून माझं कशात लक्ष नाही. तुझा फोन आला आणि तू चक्क कमी बोललीस! एरवी तुझं तोंड बंद करायला कुणालातरी मध्ये पडावं लागतं. म्हणालीस, या वर्षीपासून शिकवणाऱ्या बाईंना दिलेला पहिला निबंध परत आलाय, त्याला चिठ्ठी लावलीय, बाईंनी शुक्रवारी चार वाजता खोलीत भेटायला बोलावलंय. आणि त्याच दमात आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीस, तिला एकटीला झेपत नसेल म्हणालीस, शुक्रवारी दुपारच्या बसने गादीसकट घरी येते म्हणालीस. अगं, आईचे गुडघे गेली पाच वर्षं तसेच आहेत. तुला एकदम याच आठवड्यात त्यांचा कळवळा कुठून आला?

तुला वाटतंय ते मला कळतं, कारण आपण एकाच घरात वाढलो. बाबा पुठ्ठ्याच्या कारखान्यात होते तेव्हा तू रांगत होतीस. एकदा त्यांना अशीच चिठ्ठी आली, ऑफिसात येऊन भेटा म्हणून. आईने सदरा इस्त्री करून दिला, बाबांनी दोनदा भांग पाडला. दुपारी परत आले ते डबा, बूट आणि खुंटीवरचा टॉवेल घेऊन. पुढच्या महिन्यात आपल्या काकांचं तेच झालं. आपल्याकडे कुणाला ऑफिसात बोलावलं की त्याचं सामान गुंडाळलं म्हणूनच समजायचं. त्यापेक्षा आपणच आधी उठून गेलेलं बरं, निदान चारचौघांत मान तरी खाली जात नाही. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी पाठ आहे.

मध्येच उठावं लागलं, दुसरं मशीन गळतंय. कुठे होते? हां. गेल्या वर्षी तुला सोडायला आले होते तेव्हा खिडकीजवळच्या पलंगावरून तुझं त्या उंच मुलीशी भांडण चाललं होतं आणि मी अर्धा तास गायब झाले. संडास शोधत होते असं सांगितलं, तू चिडलीस. खोटं होतं ते. मी मागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेले होते, तुझ्या याच बाईंच्या खोलीपाशी. बाहेर बाकावर चार-पाच जणं बिस्किटं खात खिदळत बसली होती. दाराजवळच्या टेबलावर छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, वार आणि वेळ तेवढी मोकळी. मी एका मुलीला विचारलं, तुम्हाला काढणार आहेत का? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने सांगितलं की पहिल्या निबंधानंतर बाई प्रत्येकाला बोलावतात, अर्धा तास शेजारी बसवून तो कसा सुधारायचा ते दाखवतात, आणि जी मुलं येत नाहीत ती पुढे गटांगळ्या खातात. तिचा नंबर पुढच्या आठवड्यात होता म्हणून ती उलट कुरकुरत होती. तिची आई तिथेच शिकली होती. तिला हे सगळं घरूनच ठाऊक होतं.

मी त्यांच्या शेजारी बाकावरच बसले. आणि रागही आला, अजून येतो. त्या चिठ्ठीवर घाबरू नका एवढे दोन शब्द छापले असते तर त्यांची शाई संपली असती का? पण तू म्हणशील, ताई, तुझा काय संबंध, तू तिथे कशाला गेलीस?

सोबत एक जुनी चिठ्ठी ठेवली आहे. माझ्या ट्रंकेच्या तळाशी कागदाखाली दहा वर्षं होती. गुरुवार, अकरा वाजता. सही बघ, तुझ्याच बाईंची आहे. मी बुधवारीच घरची बस पकडली. आईच्या आजारपणासाठी ताईने शिक्षण सोडलं, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस, शाळेच्या निबंधातसुद्धा लिहिलंस. आईला तेव्हा तीन दिवसांचा ताप होता, तोही मी पोचेपर्यंत उतरला होता. मीच तो मोठा करून सांगितला. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी ते दहा वर्षं घेत राहिले. पण आईने ते खरं मानलं गं. आपल्या दुखण्याने पोरीचं नुकसान झालं म्हणून ती आता दुखलंखुपलं सांगत नाही, खोकला आला तरी दाराबाहेर जाऊन खोकते. आणि रविवारी तूही तिचंच दुखणं पुढे केलंस, तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला. म्हणून हे पत्र. शुक्रवारी चार वाजता ते दार वाजव. बांधलेली गादी परत पलंगावर पसर, निबंध बरोबर ने, आणि काही कळलं नाही तर तिथेच विचार, तुझी वटवट तिथे कामी येऊ दे. तू घाबरतच जाशील, तशीच जा. मी आज संध्याकाळी आईला सगळं सांगणार आहे. ती काही दिवस माझ्याशी बोलणार नाही, नको बोलू दे. निदान घरात बसून खोकेल तरी.

मशीन थांबलं.

तुझीच,
दहा वर्षं उशिरा खरं बोलणारी
ताई