सरकारांना वळण लावण्याची मोहीम

३ जून, सोमवार. सकाळी सहा.

आजपासून मोहीम सुरू. मुलगी सोळा वर्षांची झाली. शाळेला सुट्टी लागल्यापासून तिने पलंग सोडलेला नाही. मी तिला सरकार म्हणतो, तेही तोंडावर. तिला त्यात टोमणा जाणवत नाही. ओ देते.

नियम तीनच केले. सातला उठणे. आपल्या कपड्यांच्या घड्या आपण घालणे. आपलं ताट आपण घासणे. कागद फ्रिजवर चिकटवला. नियम जास्त केले की माणसं पाळत नाहीत, हे मला सुपरव्हिजनच्या अनुभवातून पक्कं कळलंय.

आणि हा अनुभव साधासुधा नाही. मोठ्या हॉटेलच्या तळघरातली लाँड्री, आणि तिथल्या घडी विभागाचा प्रमुख मी. वेटर, दरवान, रूमवाले, सगळ्यांचे युनिफॉर्म माझ्या टेबलावरून जातात. कॉलर मध्यभागी, बाह्या मागे, कडेला कड. आमचे हेड या महिन्याअखेर रिटायर होतायत. त्यांच्या खुर्चीत मी बसणार हे उघड आहे. मॅनेजर मॅडमनी अजून जाहीर केलेलं नाही, पण त्या नवीन आहेत. माणसं ओळखायला वेळ लागतो.

उद्याच्या हेडला घरातली एक पोरगी सरळ करता आली नाही, असं कुणी म्हणायला नको.

३ जून, संध्याकाळ.

सरकार सातला उठल्या. गुड मॉर्निंग म्हणाल्या आणि परत झोपल्या. जाब विचारला तर म्हणे, कागदावर उठायचं लिहिलंय, उठून राहायचं कुठे लिहिलंय. नियमात दुरुस्ती केली.

४ जून, मंगळवार.

पलंगावर पडल्यापडल्या दिव्याचं बटण दाबायला तिने उशाशी बॅडमिंटनची रॅकेट ठेवलीय. ही रॅकेट घेताना मी दुकानदाराला अभिमानाने सांगितलं होतं, मुलगी खेळाकडे वळतेय म्हणून.

ताट घासलं नाही. कारण ताट घेतलंच नाही, पातेल्यातून खाल्लं. पातेलं नियमात येत नाही. शेवटी पातेलं मी घासलं, तिच्या डोळ्यांदेखत, मुद्दाम आदळआपट करत, म्हणजे जरा लाज वाटावी. तिने कानात इअरफोन घातले.

५ जून, बुधवार.

अंगाचा तिळपापड झालाय.

तिचं कपाट उघडलं. एकाही कपड्याची घडी नाही. बाईसाहेब ओला कपडा थेट हँगरला लावतात. हँगर दोरीला. वाळला की हँगरसकट कपाटात. टी-शर्ट हँगरला, पायजमा हँगरला. मोजे सगळे एकाच काळ्या रंगाचे घेतलेत, म्हणजे जोड्या लावायला नकोत. डोकं आहे पोरीला, नाही असं नाही. पण ते डोकं उशीवर ठेवण्यापलीकडे वापरायचं नाही, असा पण केलाय.

माझ्याच घरात हे. लाँड्रीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

विचारलं, घडीने तुझं काय वाईट केलंय. म्हणाली, काही नाही बाबा, पण घालायची ती मोडायलाच ना.

मी गप्प राहिलो. म्हणजे बोललो बरंच, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

८ जून, शनिवार.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करते, त्यामुळे आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा तिचा समज आहे. म्हणाली, आठवडाभर पोरीची भांडी कोण घासतंय ते एकदा बघा. मी म्हटलं, मी उदाहरण घालून देतोय. तर म्हणे, मग ओट्याचंही एक उदाहरण घालून द्या.

ओटा पुसला. वाद नको.

मात्र एक ठरवलं. घरात हिचे लाड होतात, इथे सुधारणा होणं अवघड. सुट्टी संपेपर्यंत तिला माझ्याबरोबर लाँड्रीत न्यायचं. मॅडमनी परवानगी दिली. चार दिवस वाफेत उभी राहिली की अक्कल येईल. शिवाय मी माणसं कशी घडवतो हे मॅडमना समोरच दिसेल, आणि हेडच्या खुर्चीचा प्रश्न आपोआप सुटेल.

१० जून, सोमवार.

सरकार आल्या. टेबलापाशी उभं केलं, एक शर्ट सावकाश घडी घालून दाखवला. मागे वळून बघतो तर ह्या बादली उलटी करून तिच्यावर बसलेल्या. म्हटलं, बसलीस का. म्हणाली, बघतेय. काम करण्याआधी नीट बघावं असं तुम्हीच सांगता.

दिवसभर बघितलं. चारच्या सुमाराला तोंड उघडलं. म्हणाली, इस्त्री झाली की शर्ट हँगरला लागतो, तुम्ही तो काढून घडी घालता, मग टोपलीतून वर जातो. वर काय होतं? मी सांगितलं, वर युनिफॉर्मच्या खिडकीवर माणूस असतो, तो घड्या उघडून हँगरला लावून ठेवतो आणि ज्याचा त्याला देतो.

तिने ऐकून घेतलं. डोळे मिटून बसून राहिली. लाज वाटली असावी.

११ जून, मंगळवार.

खिडकीवाला आज परत कुरकुरत खाली आला. तुमच्या घडीच्या रेषा उठतात, मला वर पुन्हा प्रेस मारावी लागते, म्हणे. केसांना जेल लावतो. त्याच्याबद्दल याहून जास्त लिहायची माझी इच्छा नाही.

सरकार आजही बादलीवर.

१२ जून, बुधवार.

चहाला गेलो होतो. परत आलो तर टेबल रिकामं. इस्त्रीजवळचा चाकांचा स्टँड गायब. सरकारांनी हँगरला लावलेले सगळे शर्ट स्टँडसकट ढकलत लिफ्टमध्ये घातले, वर पाठवले आणि परत येऊन बादलीवर बसल्या. सकाळभराचं माझं काम तिने बसायच्या घाईत उरकलं.

सगळ्यांसमोर झापलं. हात मोडलेत का, विचारलं. आळसाला काही सीमा, विचारलं. ती म्हणाली, बाबा, पण मुळात घडी का घालतात? मी नीट समजावलं. पूर्वी कपडे वर न्यायला भिंतीत एक छोटी लिफ्ट होती, फ्रिजएवढी. तिच्यात टोपलीच मावायची. हेडनी मला तेव्हाच शिकवलं, युनिफॉर्म घडी घालूनच वर जाणार. तिने विचारलं, ती लिफ्ट कुठाय? म्हटलं, ती बुजवून बरीच वर्षं झाली, मोठी आली ना. मग तिने माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं मला आवडलं नाही.

तेवढ्यात खिडकीवाला जिन्याने धावत खाली. रेषा नाहीत, प्रेस नाही, फार छान, फार छान. आणि त्याच्यामागे मॅनेजर मॅडम. ही कल्पना कोणाची, विचारलं. ज्याची असेल त्याने एकवीस तारखेला सगळ्या स्टाफसमोर उभं राहून ती समजावून सांगायची.

उभं राहून म्हटल्याबरोबर सरकारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, बाबांची.

मॅडमनी माझा हात हातात घेतला. हेडची जागा भरताना आपण अशाच माणसाच्या शोधात होतो, असं काहीसं म्हणाल्या.

घरी येताना पोरीला विचारलं, खोटं का बोललीस. म्हणाली, एवढ्या लोकांसमोर कोण बोलत बसणार.

१३ जून, गुरुवार.

मॅडमना खरं सांगावं का, याचा विचार केला. पण त्यांनी हात मिळवला होता. आता सांगणं म्हणजे त्यांचाच अपमान. मी त्यातला नाही.

१५ जून, शनिवार.

शांतपणे विचार केला तर तिला लाँड्रीत कोणी आणलं? मी. वर काय होतं हे तिला कोणी सांगितलं? मी. ऐन वेळी चहाला जाऊन तिला मोकळीक कोणी दिली? कल्पना एकाच्या डोक्यात पिकते आणि दुसऱ्याच्या हातून बाहेर पडते, एवढंच.

बायकोला हे सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला.

१७ जून, सोमवार.

आता आठवतंय, मला हे फार पूर्वीच सुचलं होतं. भिंतीतली लिफ्ट बुजवली त्याच दिवशी बहुतेक. हेडना तसं म्हटलं. ते म्हणाले, अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? म्हटलं, योग्य वेळेची वाट बघत होतो. हेड बराच वेळ माझ्याकडे बघत होते. कौतुकाने.

भाषण लिहायला घेतलं. सरकारांची मदत मागितली, लोळण्यातून थोडा वेळ काढून. म्हणाली, भाषण कशाला, एक शर्ट इस्त्रीवरून उचला, हँगरला लावा, स्टँड ढकला, झालं. विचार करण्यातही आळस. पण सूचना वाईट नव्हती. मलाही तेच सुचत होतं.

२० जून, गुरुवार.

नवी पँट आणली. हेडला शोभेलशी. उद्या सकाळी दहाला कार्यक्रम. टेन्शन वगैरे काही नाही. सकाळपासून जेवण गेलेलं नाही, ते उकाड्याने.

२१ जून, शुक्रवार.

लिहावंसं वाटत नाही.

लिहितो. सगळा स्टाफ जमला होता. मी म्हणालो, आता बघा. इस्त्रीवरून गरम शर्ट हातात घेतला. गरम शर्ट हातात आला की माझ्या हातांना काही सांगावं लागत नाही. मी लोकांकडे बघत बोलत होतो, युनिफॉर्मला घडीची गरजच काय वगैरे. लोक हसायला लागले. खाली बघितलं तर टेबलावर शर्ट. कॉलर मध्यभागी, बाह्या मागे, कडेला कड.

दुसरा घेतला. त्याचीही घडी. तिसऱ्याला हँगर हातात धरूनच सुरुवात केली, तर बाह्या मागे गेल्याच. मॅडम हळूच म्हणाल्या, हेच थांबवायचं आहे ना आपल्याला? खिडकीवाला पोट धरून हसत होता.

मी तो शर्ट पुन्हा उलगडला. तेव्हा सरकार मागच्या रांगेतल्या बादलीवरून उठल्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पुढे आली, माझ्या हातातला शर्ट घेतला, हँगरला लावला, स्टँड लिफ्टमध्ये ढकलला आणि पुन्हा जाऊन बसली. कल्पना कोणाची ते न बोलताच सगळ्यांना कळलं.

तिने उठायला नको होतं. एरवी कधी उठत नाही.

२२ जून, शनिवार.

पुढचा हेड म्हणून खिडकीवाल्याचं नाव जाहीर झालं. घडीचं टेबल काढून टाकलं, त्या जागी स्टँड उभे राहणार. मला चादरींच्या मशीनवर पाठवलं. चादरीची घडी मशीन घालतं. मी समोर उभं राहून चादर आत सोडायची.

घरी येऊन पोरीला सगळं सुनावलं. तुझ्या आळसापायी माझी खुर्ची गेली. माझ्या हातात एक गोष्ट होती, ती तू बसल्याबसल्या काढून घेतलीस. ती पडूनच ऐकत होती. निदान उठून बसावं माणसाने. बायको मधे पडली, म्हणाली, बास आता. जेवलो नाही.

२३ जून, रविवार. दुपार.

सरकारांनी खोलीतून हाक मारली. बाबा, घडी घालायला शिकवा.

आधी वाटलं चेष्टा करतेय. गेलो तर पलंगावर कपड्यांचा ढीग. रिकामे हँगर जमिनीवर जिकडेतिकडे पडलेले. पाय ठेवायला जागा नाही. आधी त्यावरून ओरडलो. काढलेली वस्तू जागेवर ठेवायची सवय कधी लागणार, देव जाणे. मग सगळे हँगर गोळा केले आणि शिकवायला घेतलं.

टी-शर्टपासून सुरुवात. ती पलंगाच्या कडेला कुशीवर पडून बघत होती. पडून का होईना, बघत होती. मधेच विचारलं, बाह्या मागे का घालायच्या? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सांगितलं. सविस्तर सांगितलं. कॉलरचंही सांगितलं, बटणांचं सांगितलं, हेडनी मला पहिल्या दिवशी कसं शिकवलं तेही सांगितलं. बायको दारात येऊन उभी राहिली, मग गेली. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

मोहीम फत्ते म्हणायला हरकत नाही. उशिरा का होईना, पोर वळणावर आली.

आता तू एक घालून दाखव, म्हणून तिच्याकडे वळलो तर झोपली होती. उरलेल्या घड्या आवाज न करता मीच घातल्या. सगळ्यात खाली थंडीचा जाड कोट निघाला. कोटाची घडी घालत नाहीत, तो हँगरलाच असतो. तिने तोही काढून ठेवला होता. मी घातली.